ओल्या धान्याचा ढीग

गेल्या मे महिन्यात जुमाच्या नमाजनंतर घाटकोपरचे एक वयस्क गृहस्थ माझ्यापाशी थांबले. पत्नी अंथरुणाला खिळलेली आणि घरातील एसी बंद. कारागीर आला, पाच मिनिटांत "गॅस संपला" म्हणाला, अडीच हजार घेऊन गेला. नऊ दिवसांत हवा पुन्हा गरम झाली. त्यांनी विचारले, "मौलाना, उन्हाळ्यात दर वाढवणे हा जुलूम नव्हे काय?"

मदीनेत एकदा भाव चढले, तेव्हा लोकांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना दर ठरवून देण्याची विनंती केली. त्यांनी ती मान्य केली नाही. कोणाचा हक्क बुडवल्याचा दावा शिरावर घेऊन अल्लाहला भेटणे त्यांना नको होते. मुलुंडच्या सातव्या मजल्यावर, भर दुपारी, खिडकीबाहेरच्या लोखंडी चौकटीवर उभा राहून जो तरुण यंत्र उघडतो, त्याने जानेवारीपेक्षा दोनशे रुपये अधिक मागितले आणि ते आधी सांगितले, तर त्यास जुलूम म्हणण्यास माझी जीभ धजत नाही.

जुलूम दुसरीकडे आहे. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तांब्याच्या बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. कमी झाला असेल तर कोठेतरी गळती आहे. ती न शोधता भरलेला गॅस म्हणजे फुटक्या माठात ओतलेले पाणी. पुष्कळदा तर गॅस पुरेसा असतो. जाळी धुळीने कोंदलेली असते किंवा कपॅसिटर गेलेला असतो.

सहीह मुस्लिममधील प्रसंग आपण जाणता. प्रेषितांनी (स.) बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, बोटांना ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. पाऊस हा त्याचा अपराध नव्हता. ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, एवढेच त्याला विचारले गेले. ढिगात निदान हात तरी घालता येतो. तांब्याच्या नळीत ग्राहक काय घालणार? म्हणून कारागिराची अमानत धान्यविक्रेत्याहून जड आहे. (यंत्राच्या बाहेरील भागावर गॅसचे वजन छापलेले असते, सिलिंडर काट्यावर ठेवूनच भरावयास सांगा.)

पण सूरह मुतफ्फिफीनमध्ये ज्यांचा धिक्कार आहे, ते स्वतः घेताना माप पुरेपूर घेतात आणि देताना कमी देतात. त्यात आपणही आलो. "नुसते पाहायचे कसले पैसे?" असे आपण सहज म्हणतो. दोष ओळखणे हेही श्रमच आहेत, आणि इजाऱ्यात श्रमाचा मोबदला आधी ठरवायचा असतो. जाळी धुऊन "बाकी सर्व ठीक आहे" म्हणणाऱ्याच्या हाती आपण कुरकुरत दोनशे रुपये ठेवतो. "गॅस संपला" म्हणणाऱ्याला अडीच हजार निमूटपणे मोजतो. मग कारागीर काय शिकणार?

त्या गृहस्थांकडे मी आमच्या मोहल्ल्यातील एक मुलगा घेऊन गेलो. त्याने अर्धा तास फेस लावून प्रत्येक जोड तपासला, गळती दाखवली, ती दुरुस्त करून गॅस वजनाने भरण्याचे अठ्ठावीसशे रुपये होतील, असे काम सुरू करण्यापूर्वीच सांगितले. गृहस्थांनी माझ्याकडे पाहिले.

"मौलाना, मागचा तर अडीच हजारातच करून गेला होता."