कादाचित्क दोष आणि सत्यकथन

वस्तूंच्या दोषांचे दोन वर्ग करतां येतात. एक नित्य आणि दुसरा कादाचित्क. लंगडा घोडा प्रत्येक पावलाला लंगडतो. गळकी घागर जेव्हां भरावी तेव्हां गळते. अशा वस्तूंच्या बाबतींत विकणाराचें कर्तव्य काय, या प्रश्नाचा निकाल नीतिशास्त्रज्ञांनीं फार पूर्वींच लावून टाकिला आहे. आणि तो कोणी जुमानला नाहीं तरी विकत घेणारास स्वतःचे डोळे आहेतच. परंतु जो घोडा दहा दिवस नीट चालतो आणि अकराव्या दिवशीं, कोणतेंही निमित्त न दाखवितां, भर रस्त्यांत बसकण मारतो, त्याच्याविषयीं मालकानें काय सांगावें? ‘चांगला आहे’ म्हणावें तर अकरावा दिवस आठवतो. ‘वाईट आहे’ म्हणावें तर दहा दिवसांवर अन्याय होतो. शिवाय मालकाला तरी त्या घोड्याविषयीं निश्चित असें काय ठाऊक असतें? म्हणजे कादाचित्क दोषाच्या पोटीं एक नव्हे, दोन प्रश्न आहेत. एक ज्ञानाचा आणि दुसरा कर्तव्याचा. पहिल्याची वासलात लावल्याशिवाय दुसऱ्यास हात घालणें म्हणजे उगीच उपदेश करीत बसणें होय, असें आमचें मत आहे.

घोड्यांचा व्यवहार आतां फारच थोड्या वाचकांच्या वांट्यास येत असल्यामुळें आम्ही उदाहरणासाठीं एक घरगुती यंत्र घेतों. तें म्हणजे जुन्या बाजारांतून विकत घेतलेला सीडी-प्लेयर. कॉम्पॅक्ट डिस्क ही चकचकीत तबकडी फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनीं मिळून सिद्ध केली, आणि १९८२ सालीं ती जपानांत प्रथम विक्रीस आली. पुढें कित्येक वर्षें सुशिक्षितांच्या घरांत तिची प्रतिष्ठा मोठी होती. आतां गाणें फोनमधून येतें, आणि तबकड्या व त्या वाजविणारीं यंत्रें माळ्यावरून भंगारवाल्याकडे व तेथून जुन्या बाजारांत जातात. ज्यांच्या कपाटांत तबकड्यांचा संग्रह अद्याप आहे, असे आमच्यासारखे लोक तीं यंत्रें तेथून पुन्हां घरांत आणतात. असा एक प्लेयर आम्ही घेतला. विक्रेत्यानें आपल्याजवळची एक तबकडी घालून पांच मिनिटें वाजवून दाखविली आणि ‘चालू आहे साहेब, गॅरंटी नाहीं,’ असें सांगितलें. घरीं आणल्यावर चार दिवस तें यंत्र उत्तम वाजलें. पांचव्या दिवशीं एका विलंबित ख्यालाच्या मध्यावर त्यानें उडी मारली.

या उडीचें स्वरूप लक्षांत घेण्यासारखें आहे. आलापींत ती पडली तर पुष्कळांच्या ध्यानांतही येत नाहीं; पण तबला सुरू असला आणि ऐकणारा बोटांवर मात्रा मोजीत असला, कीं सम जेथें यावयाची तेथें येत नाहीं आणि बिंग फुटतें. एकच दोष एका श्रोत्यापुरता असतो व दुसऱ्यापुरता नसतो. हें विधान तर्कदृष्ट्या लंगडें आहे हें आम्ही जाणतों. पण बाजारांतला अर्धा व्यवहार या लंगड्या विधानावरच चालतो.

ग्रामोफोनच्या तबकडीवर सुईला धरून ठेवणारी खांच असते. या तबकडीवर किरणाला तसा आधार मुळींच नाहीं. पारदर्शक पॉलिकार्बोनेटच्या १.२ मिलिमीटर जाडीपलीकडे अतिसूक्ष्म खळग्यांची एक सर्पिल रांग असते, आणि त्या रांगेच्या दोन वेढ्यांमधील अंतर अवघें १.६ मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरांत सहाशेंहून अधिक वेढे. लेसरचा किरण एका चिमुकल्या भिंगांतून या रांगेवर पडतो. तबकडी फिरतांना किंचित् डुगडुगतच असते. तेव्हां तें भिंग क्षणोक्षणीं वरखालीं आणि आजूबाजूस हालत रांगेचा पाठलाग करीत राहतें, आणि भिंग ज्या गाडीवर बसविलेलें असतें ती गाडी रुळावरून सावकाश मध्याकडून कडेकडे सरकत जाते. भिंगावर धूळ बसली, रुळावरचें वंगण वाळून चिकट झालें, तबकडी फिरविणारी मोटर झिजली, लेसर म्हातारा झाला, कोठें एखादा डाख सुटत आला, किंवा तबकडीवरच चरा असला, तर हा पाठलाग चुकतो. परिणाम एक आणि कारणें निदान सहा, अशी ही स्थिति आहे.

येथें आमच्या नैयायिकांचा अन्वयव्यतिरेक कामीं येतो, आणि १८४३ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथांत मिल्लनें सांगितलेल्या रीतिही येतात. उडी प्रत्येक वेळीं त्याच तबकडीच्या त्याच ठिकाणीं पडते काय? पडत असेल तर ती तबकडी दुसऱ्या यंत्रावर लावून पाहावी. निरनिराळ्या तबकड्या निरनिराळ्या ठिकाणीं अडखळतात काय? मग यंत्राकडे वळावें. सगळ्याच तबकड्या शेवटच्या गाण्यांत अडखळत असतील तर गाडीचा रूळ तपासावा. अर्धा तास चालून यंत्र तापल्यावरच अडखळत असेल तर डाखांवर आणि लेसरवर संशय घ्यावा. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, हा नियम यांत मुख्य. जो उतावळा मनुष्य भिंग पुसतो, तबकडी बदलतो आणि यंत्र दुसऱ्या मेजावर ठेवतो, तीनही गोष्टी एका संध्याकाळीं करतो, त्याचें यंत्र कदाचित् सुधारेल. त्याच्या ज्ञानांत मात्र काडीची भर पडणार नाहीं.

परंतु कारणबहुत्वाची अडचण मिल्लनें स्वतःच कबूल केली आहे, आणि आमच्या यंत्रानें तिच्याही पुढची अडचण उभी केली. ज्या तबकडीवर उडी पडली तिच्यावर एक बारीक चरा होता. ती तबकडी एका स्नेह्यांच्या यंत्रावर लावली तर निर्दोष वाजली. आमच्या यंत्रावर दुसऱ्या, स्वच्छ तबकड्या लावल्या तर त्याही निर्दोष वाजल्या. दोघांची गांठ पडली म्हणजेच उडी पडे, आणि तीही प्रत्येक वेळीं नव्हे. आतां दोषी कोण? तबकडीचा कैवारी म्हणणार कीं यंत्र, यंत्राचा कैवारी म्हणणार कीं तबकडी. आणि दोघांचाही पुरावा खरा. कौटुंबिक कलहांत मध्यस्थी करण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला असेल त्यांस या पुराव्याची जात ओळखीची वाटेल.

याहून विचारास चालना देणारी एक गोष्ट या यंत्राच्या पोटांत आहे. तबकडीवर नाद सांठविलेला असतो तो आंकड्यांच्या रूपानें, आणि प्रत्येक बाजूच्या नादासाठीं सेकंदाला ४४,१०० आंकडे वाचावे लागतात. कांहीं आंकडे वाचतांना चुकणारच, हें गृहीत धरून रीड आणि सॉलोमन या दोन गणितज्ञांनीं १९६० सालीं प्रसिद्ध केलेल्या पद्धतीच्या आधारानें जास्तीचे आंकडे अशा खुबीनें विखरून ठेवलेले असतात, कीं रांगेचा सुमारें अडीच मिलिमीटर लांबीचा तुकडा सलग नष्ट झाला तरी मूळ आंकडे जसेच्या तसे परत मिळतात. ही झाली दुरुस्ती. खराबी याहून अधिक असली म्हणजे यंत्र निराळा मार्ग धरतें. अलीकडचा आंकडा आणि पलीकडचा आंकडा पाहून मधला काय असावा याचा तें अदमास करतें आणि तोच खरा म्हणून पुढें पाठवितें. कानाला फरक कळत नाहीं. तेंही साधेनासें झालें कीं तें क्षणभर गप्प बसतें. आणि किरणाची रांगच सुटली तर उडी.

म्हणजे दुरुस्ती, झांकपाक, मौन आणि शेवटीं उघड बिघाड अशा या पायऱ्या आहेत, आणि श्रोत्याला दिसते ती शेवटची. ज्या दिवशीं पहिली उडी ऐकूं आली त्या दिवशीं दोष जन्मला नव्हता. तो बहुधा कित्येक महिने आंत झांकला जात होता. यावरून आम्ही असें अनुमान काढतों, कीं कादाचित्क असतें तें दोषाचें प्रकट होणें. दोष स्वतः कादाचित्क नसतो. वंगण रोजच चिकट असतें, भिंग रोजच मळलेलें असतें. त्यांच्या जोडीला चरा किंवा उष्मा आला कीं तोल जातो. ‘कधीं कधीं उडी मारतो’ हें वाक्य श्रोत्याच्या अनुभवाचें वर्णन आहे, यंत्राचें नव्हे. यंत्राचें वर्णन करावयाचें तर ‘यांत एक दुर्बलता नेहमींच आहे’ असेंच करावें लागेल. हा ज्ञानाच्या प्रश्नाचा निकाल. आतां कर्तव्याकडे वळूं.

सिसेरोनें कर्तव्यांवरील आपल्या ग्रंथांत एक वाद दिला आहे. घर विकणारास घराचे छुपे दोष ठाऊक आहेत. ते त्यानें सांगावे काय? डायोजिनीस म्हणतो, विकत घे अशी कोणी जबरदस्ती केली नव्हती. अँटिपेटर म्हणतो, न सांगणें ही फसवणूकच. सिसेरोचा कौल सांगावें याच बाजूस आहे. आपला १८७२ चा करारांचा कायदा मात्र केवळ मौनाला कपट मानीत नाहीं. त्याच्या १७ व्या कलमाखालीं उदाहरणही घोड्याचेंच आहे. लिलांवांत ‘अ’नें ‘ब’ला घोडा विकला, तो सदोष आहे हें ‘अ’ला ठाऊक होतें, त्यानें कांहींच सांगितलें नाहीं, हें कपट नव्हे. पण त्याच कलमाखालीं आणखी उदाहरणें आहेत. ‘ब’ ही ‘अ’ची नुकतीच वयांत आलेली मुलगी असेल, तर सांगणें हें ‘अ’चें कर्तव्य ठरतें; आणि ‘तुम्ही नाकारलें नाहीं तर घोडा चांगला आहे असें मी धरून चालतों,’ असें ‘ब’नें म्हटल्यावर ‘अ’ गप्प राहिला, तर तें मौन बोलण्यासारखेंच होय. कायद्यानें नीतीचें क्षेत्र किती सोडलें आणि किती राखलें, हें या तीन-चार ओळींत जितकें स्वच्छ दिसतें तितकें मोठमोठ्या ग्रंथांतही क्वचित् दिसतें.

जुन्या बाजारांतला विक्रेता यावर म्हणेल, ‘मला ठाऊकच नव्हतें.’ क्लिफर्डनें १८७७ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधांत असाच एक मनुष्य रंगविला आहे. त्याचें जहाज जुनें आहे. मनांत येणाऱ्या शंका तो एकेक करून दडपतो, जहाज भक्कम आहे असा स्वतःचा प्रामाणिक विश्वास तयार करतो, आणि उतारूंना समुद्रावर धाडतो. जहाज सुखरूप पोंचलें असतें तरी तो दोषीच, असें क्लिफर्ड म्हणतो. पांच मिनिटांची परीक्षा याच जातीची होऊं शकते. तबकडी मध्याकडून वाचली जाते. तेव्हां स्वच्छ तबकडीचें पहिलेंच गाणें लावून दाखविलें, कीं गाडीला रुळाच्या दूरच्या टोंकाला जावेंच लागत नाहीं आणि यंत्राला तापावयास वेळही मिळत नाहीं. अज्ञान जपून ठेवण्याची ही चांगली युक्ति आहे.

तथापि क्लिफर्डची कसोटी आम्हांस सर्वत्र लावतां येत नाहीं. जो मनुष्य गोणपाटावर वीस वस्तु मांडून बसला आहे, ज्यानें त्या भंगारांतून वजनावर उचलल्या आहेत आणि ज्याला वीजही शेजाऱ्याच्या दुकानांतून तारेनें आणावी लागते, त्यानें प्रत्येक यंत्र तासभर चालवून पाहावें ही अपेक्षा पोट भरलेल्या माणसाची आहे. तो ज्ञानाचा देणेकरी नाहीं. आपलें ज्ञान कोठवर पोंचतें हें सांगण्याचा मात्र देणेकरी आहे. ‘पांच मिनिटें वाजवून पाहिलें, पुढचें ठाऊक नाहीं,’ एवढें म्हटलें कीं त्याचें ऋण फिटलें. आमच्या विक्रेत्याचें ‘गॅरंटी नाहीं’ हें या वाक्याच्या पुष्कळ जवळ जातें. अडचण एवढीच, कीं तो तें प्रत्येक वस्तूविषयीं म्हणतो, आणि जें सर्वांविषयीं म्हटलें जातें तें कोणाहीविषयीं ऐकूं येत नाहीं.

आमचा खरा राग आहे तो निराळ्या कृत्यावर. कांहीं जुन्या यंत्रांत लेसरचा जोर वाढविण्याचा एक बारीकसा स्क्रू असतो. तो पिळला कीं म्हातारा लेसर कांहीं दिवस तरुणासारखा चालतो आणि मग लौकरच मरतो. ही वापरण्यासाठीं केलेली दुरुस्ती नव्हे, विकण्यापुरती केलेली आहे. येथें विक्रेत्याला दोष ठाऊक तर असतोच, शिवाय तो प्रकट होण्याचा दिवस तो गिऱ्हाइकाच्या घरीं ढकलतो. याला केवळ मौन कोण म्हणेल?

आमच्या यंत्राचें भिंग एका कारागिरानें अल्कोहोलनें पुसलें, रुळावरचें वाळलेलें वंगण काढून नवें घातलें, आणि त्यानंतर साठएक तास तें चऱ्याच्या तबकडीसह एकदांही अडखळलें नाहीं. दोष गेला काय? नित्य दोषाची दुरुस्ती डोळ्यांना दिसते. घागर गळावयाची थांबते. कादाचित्क दोषाची दुरुस्ती दिसत नाहीं. उडी पडली नाहीं एवढेंच दिसतें, आणि उडी तर पूर्वींही चार-चार दिवस पडत नव्हती.

अशा स्थितींत, दुसरें यंत्र घरांत आल्यामुळें, एका माजी विद्यार्थ्यानें तें विकत मागितलें. त्याच्या आजीला फोनवर गाणें लावतां येत नाहीं. आम्ही कांहीं बोलण्यापूर्वींच तो म्हणाला, ‘सर, तुम्ही देतां म्हणजे नीटच असणार.’ कायद्यांतलें तें उदाहरण आमच्यापुढें शब्दशः उभें राहिलें. आतां गप्प राहणें म्हणजे ‘होय’ म्हणणें होतें. पण सांगावयाचें तें कसें, हाही प्रश्न होताच. ‘पूर्वीं उडी मारीत असे’ असें नुसतें म्हटलें तर ऐकणारा ‘बिघडलेलें आहे’ असें ऐकतो. वाक्य खरें असून त्यापासून होणारा समज खोटा होतो, आणि त्या खोट्या समजाची जबाबदारी आपण टाळूं शकतों असें आम्हांस वाटत नाहीं. म्हणून आम्ही एका कागदावर लिहून दिलें, कीं दोष कोणता होता, काय केलें, त्यानंतर किती तास व कोणत्या तबकड्या वाजल्या, आणि उन्हाळ्यांत हें यंत्र अद्याप चालवून पाहिलेलें नाहीं. किंमत अर्थात् कमी सांगितली.

त्यानें कागद वाचला, घडी करून खिशांत ठेवला, आणि म्हणाला कीं आजीच्या तबकड्या सगळ्या भजनांच्या आहेत, घरांत मात्रा मोजणारें कोणी नाहीं, तेव्हां एखादी उडी पडली तरी चालेल. जिला भजन पाठ आहे ती मात्रा न मोजतांही उडी ओळखील, असें आम्ही त्यास सांगितलें, आणि एप्रिल-मे महिन्यांत काय होतें तें कळविण्यास बजावलें.