वणीचे वकील, नागपूरचे खासदार

वणीत 1880 साली जन्मलेले माधव श्रीहरी अणे नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकले आणि यवतमाळला वकिली करू लागले. लोक त्यांना लोकनायक बापूजी म्हणत.

टिळकांचे ते निष्ठावंत अनुयायी. वऱ्हाडच्या वतीने दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात बसले. पण सविनय कायदेभंगात 10 जुलै 1930 रोजी हाच कायदेपंडित पुसदला राखीव जंगलातलं गवत कापून तुरुंगात गेला! कायदा मोडायचा तर तो उघडपणे, आणि शिक्षेची तयारी ठेवून.

पुढे 1941 मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. जुन्या सहकाऱ्यांना हे खटकलं, आणि ते स्वाभाविकच होतं. फेब्रुवारी 1943 मध्ये आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असलेल्या गांधीजींचं उपोषण सुरू होतं. सरकार त्यांना सोडेना. तेव्हा मंडळातले सहकारी होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार यांच्यासह अण्यांनी राजीनामा दिला.

स्वातंत्र्यानंतर ते बिहारचे राज्यपाल झाले. एवढं झाल्यावर कुणीही घरी बसलं असतं. बापूजी मात्र ऐंशीच्या उंबरठ्यावर, 1959 साली, नागपुरातून पोटनिवडणूक लढवून लोकसभेत पोहोचले. 1962 मध्ये अपक्ष म्हणून पुन्हा निवडून आले. स्वतंत्र विदर्भाची बाजू ते तिथेही मांडत राहिले.

याशिवाय त्यांनी टिळकांचं चरित्र संस्कृत श्लोकांत रचलं. त्याला 1973 साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्यांच्या निधनानंतर पाच वर्षांनी.