‘छान!’ म्हणण्याच्या पुढे



फाल्गुन आला की रायपूरच्या आसपासचे पळस फुलतात. छत्तीसगढीत पळसाला परसा म्हणतात. पाने गळालेल्या फांद्यांवर नुसता केशरी रंग असतो. कोणीतरी थांबून मोबाइलवर फोटो काढतो, तो आपल्यापुढे धरतो आणि विचारतो, ‘कसा आलाय?’ आपण ओझरते पाहून म्हणतो, ‘छान!’ आणि विषय संपतो.

प्रसंग लहान आहे, पण साधकाने थांबून विचार करावा असा आहे. सत्य आणि अहिंसा ही दोन्ही मूल्ये आपण मानतो. इथे ती एकमेकांसमोर उभी राहिल्यासारखी वाटतात. खरे सांगावे तर समोरचा दुखावेल, गोड बोलावे तर ते खरे नसेल. मग ‘छान’ म्हणून आपण स्वतःची सुटका करून घेतो.

गीतेच्या १७ व्या अध्यायातील १५ व्या श्लोकात वाणीचे तप सांगितले आहे. बोलणे ऐकणाऱ्याला उद्विग्न न करणारे, खरे, प्रिय आणि हिताचे असावे, असा त्याचा आशय आहे. या चारही गोष्टी एकत्र मागितल्या आहेत; त्यांतली सोयीची एक निवडायची नाही. ‘छान’ हा शब्द प्रिय आहे, पण त्यातून समोरच्याचे हित किती झाले? पुढचा फोटो काढताना त्याच्या हाती काय आले? ‘जमला नाही’ हे कदाचित खरे असेल, पण त्यातूनही पुढे काय करावे ते कळत नाही. दोन्ही उत्तरांत आपण फोटोकडे नीट पाहिलेलेच नसते.

पळसाच्याच फोटोचे पाहा. भडक केशरी फूल कडक उन्हात टिपले की पुष्कळदा पाकळीवरच्या रेषा आणि घड्या नाहीशा होतात, रंगाचा सपाट डाग उरतो. इतका तीव्र रंग कॅमेऱ्याला पेलत नाही. तळ्यातल्या पांढऱ्या कमळाचेही असेच होते. भोवतीचे पाणी गडद असल्यामुळे कॅमेरा सारे चित्र उजळ करायला जातो आणि कमळ पांढरेफटक दिसते. बहुतेक मोबाइलमध्ये फुलावर बोट टेकवून उजेड थोडा कमी करता येतो. सकाळच्या कोवळ्या उन्हात काम आणखी सोपे होते.

हे लक्षात आले की बोलणे आपोआप बदलते. ‘मावशी, फांदीचे वळण सुरेख आले आहे. पाकळ्या मात्र एकमेकींत मिसळून गेल्यात. उद्या सकाळी लवकर, उजेड जरा कमी करून काढून पाहा ना.’ यात खोटे काही नाही, बोचणारे काही नाही आणि मावशींच्या हाती उद्यासाठी एक काम आहे. पाच दोष एकदम सांगितले असते तर त्यांनी मोबाइल पिशवीत ठेवून दिला असता. एका वेळी एकच गोष्ट पुरते.

वाणिज्य शाखेत आम्ही लेखापरीक्षण शिकतो. ‘हिशेब वाईट आहेत’ एवढे लिहून लेखापरीक्षकाला मोकळे होता येत नाही. कोणती नोंद, कोणत्या तारखेची, कशाचे व्हाउचर नाही, हे त्याला दाखवावे लागते. नोंद दाखवली तर दुरुस्ती होते. माणसाला नावे ठेवली तर मनात राग तेवढा उरतो.

मात्र त्याआधी एक प्रश्न विचारायलाच हवा: ‘तुम्हाला यात काय दाखवायचे होते?’ जर्मनीतील कार्ल ब्लॉसफेल्ट हे बर्लिनमध्ये कलाशिक्षक होते. विद्यार्थ्यांना वनस्पतींचे आकार समजावेत म्हणून ते कळ्या, देठ आणि पानांचे मोठे करून फोटो काढत. साधी पार्श्वभूमी, रंग अजिबात नाही. १९२८ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले आणि साठी ओलांडलेले हे शिक्षक प्रसिद्ध झाले. ‘यात रंग का नाही?’ असे त्यांना विचारणाऱ्याने फोटोचा हेतूच समजून घेतला नसता. आपल्याकडे श्रीकांत इंगळहळीकर यांच्या ‘फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री’सारख्या पुस्तकात फोटो फूल ओळखता यावे म्हणून असतो. देवघरात लावायचा फोटो वेगळा, अभ्यासाचा वेगळा. हेतू न विचारता दिलेला अभिप्राय म्हणजे आपली आवड दुसऱ्यावर लादणे होय.

काही जण म्हणतील, ‘आम्ही कुठे जाणकार?’ पण ‘माझी नजर आधी मागच्या भिंतीकडे गेली, फुलाकडे नंतर’ हे सांगायला जाणकार असावे लागत नाही. आपण काय पाहिले ते प्रामाणिकपणे सांगणे हीसुद्धा मोठी मदत आहे. आणि कोणी विचारलेच नसेल, तर ‘एक सुचवू का?’ असे म्हणून आधी परवानगी घ्यावी.

एका बाबतीत मात्र गप्प राहू नये. साताऱ्याजवळचे कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाचा भाग म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. तिथल्या खडकावर मातीचा थर पातळ आहे आणि बरीच रोपे वीतभरही नसतात. टोपली कारवी तर सात वर्षांतून एकदा बहरते. अशा ताटव्यात बसून काढलेला फोटो कितीही देखणा असला, तरी त्याखाली किती रोपे चिरडली गेली हे विचारणे आपले कर्तव्य आहे. तेही शांतपणे विचारावे: ‘पायवाटेवरूनच हे फूल टिपता आले असते का?’ फोटो काढणाऱ्याचे मन जपायचे आहे, तसे बोलू न शकणाऱ्या फुलाचे जगणेही जपायचे आहे.

आज कोणी आपल्यापुढे फुलाचा फोटो धरला, तर अर्धा मिनिट तो खरोखर पाहा. काय आवडले ते नेमके सांगा. उद्या करून पाहता येईल अशी एक गोष्ट सुचवा. ‘छान’ जरूर म्हणा, पण काय छान आहे तेही सांगा.