आठ विरुद्ध एक

समजा, १९५९ साल आहे आणि मुंबईच्या सेशन्स कोर्टात ज्युरीच्या नऊ खुर्च्यांपैकी एकीवर तुम्ही बसला आहात. समोर नौदलातले कमांडर कावस नानावटी. २७ एप्रिलला त्यांच्या पत्नीने प्रेम आहुजाशी असलेल्या संबंधांची कबुली दिली. त्यांनी तिला आणि मुलांना सिनेमाला सोडलं. मग जहाजावर जाऊन, रात्री एकट्याने गाडीने अहमदनगरला जायचंय असं खोटं सांगून रिव्हॉल्व्हर घेतलं आणि आहुजाचा फ्लॅट गाठला. तीन गोळ्या सुटल्या. बचाव पक्ष म्हणतो, झटापटीत सुटल्या. सरकारी पक्ष विचारतो, झटापट झाली तर आहुजाच्या कमरेचा टॉवेल जागच्या जागी कसा राहिला?

आठ ज्युरर म्हणाले, निर्दोष. एक म्हणाला, दोषी.

ज्युरीची चर्चा बंद दाराआड होते. पण अशा खोलीत विचार कोणत्या वाटांनी जातो, हे नीतिशास्त्रात सापडतं. मिलच्या वाटेने गेलात तर परिणाम बघाल: तीन मुलांच्या बापाला तुरुंगात टाकून कोणाचं भलं होणार? पण त्याच वाटेवर पुढे दुसरा प्रश्न उभा असतो: हा सुटला तर हाताशी शस्त्र असलेला प्रत्येक नवरा काय धडा घेईल? कांट विचारेल, ही सूट सगळ्यांना द्यायला तयार आहात का? ॲरिस्टॉटलला माणसाची घडण महत्त्वाची वाटेल. सगळ्यात सोपी वाटते ती हीच वाट, आणि घसरायला होतं तेही इथेच. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने नानावटींना सभ्य, फसवला गेलेला नवरा म्हणून रंगवलं होतं. आहुजा कसा माणूस होता, हे सांगायला तो स्वतः उरला नव्हता.

माझ्या मते, एक साधी कसोटी आहे. पुरावा तोच ठेवायचा, माणसं बदलायची. समजा, आरोपी गिरणगावातला कामगार आहे, हातात सुरा आहे आणि मेलेला माणूस नौदलातला अधिकारी. आठ जण तरीही ‘निर्दोष’ म्हणाले असते? नसतील, तर त्यांनी दाखवली ती दया नव्हती, आपल्या माणसाची पाठराखण होती.

हीच कसोटी १९०८ मधल्या टिळकांच्या राजद्रोहाच्या खटल्याला लावा. ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. निकाल सात विरुद्ध दोन, दोषी. शिक्षा सहा वर्षं. अग्रलेख लिहिणारा एखादा इंग्रज संपादक असता, तर त्या सातांनी तेच मत दिलं असतं? पाठराखण माणसाला सोडवते तशी अडकवतेही.

नानावटी खटल्यातल्या न्यायाधीशांनी ज्युरीचा कौल मानला नाही, प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. तिथे जन्मठेप झाली. १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली: कबुली आणि गोळीबार यांच्यामध्ये सुमारे तीन तास गेले होते, राग आवरायला तेवढा वेळ पुरेसा होता. १९६४ मध्ये नानावटींना माफी मिळाली. आधीच ओसरत चाललेल्या ज्युरी पद्धतीला १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत जागाच उरली नाही.

पण आपण अजून त्या खुर्चीवरून उठलेलो नाही. ग्रुपवर कुणाचा तरी व्हिडिओ येतो आणि दहा मिनिटांत आपला कौल तयार असतो. पुढच्या वेळी टाइप करण्याआधी त्यातलं नाव, आडनाव, गाव आणि कपडे मनातल्या मनात झाकून बघा. मत तेच राहिलं, तर खुशाल पाठवा.