'अ' कीं 'द'?

समजा, हिंगोली जिल्ह्यांतील गोरेगावीं बैल चोरीस गेला आणि 'चोर सांपडला' अशी हाक उठली. सांपडलेला इसम कोणी एक चोर, कीं बैल नेणारा तोच, हें मराठी सांगत नाहीं. 'एक' आणि 'तो' आपल्यापाशीं आहेत; सक्ती मात्र नाहीं. इंग्रजींत 'अ थीफ' कीं 'द थीफ', हा निवाडा नामापूर्वींच करावा लागतो. बहुवचनीं तीही भाषा पळवाट ठेवते. सुरक्षा परिषदेच्या १९६७ सालच्या २४२ व्या ठरावांत, इस्रायली सैन्यानें ज्या व्याप्त 'प्रदेशांतून' माघार घ्यावयाची, त्यांपूर्वीं इंग्रजी पाठांत 'द' नाहीं. फ्रेंच पाठांत निश्चित उपपद आहे. सर्व प्रदेश कीं कांहीं, हा वाद अद्याप मिटलेला नाहीं. तेथील मौन हेतुपुरस्सर होतें. मग गोरेगावचें मौन निष्पाप म्हणावें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. दोरखंडानें बांधलेला इसम 'तोच' आहे, हें कोणीं पाहिलें, असें व्याकरण विचारीत नसेल, तर हाक देणाऱ्यानें विचारावयास हवें. आणि तेंही गांव गोळा होण्यापूर्वीं.