पोटाचा निरोप व मनाची जबाबदारी

संतापलेल्या माणसास अन्न गोड लागत नाहीं आणि भुकेल्या माणसास साधा प्रश्नही टोचतो, हा अनुभव सर्वांस आहे. परंतु मनुष्याचें बरेंवाईट वर्तन आपण त्याच्या विवेकावर तोलतों. मग त्या विवेकाच्या दरबारांत जठराचा शब्द कितपत चालूं द्यावा?

इ. स. १८२२ मध्यें अमेरिकेंतील मॅकिनॉ बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन ह्या तरुणास बंदुकीचा बार लागला. तो वांचला, पण जठरास पडलेलें भोंक कायमचें राहिलें. त्यांतून डॉक्टर विल्यम बोमाँट ह्यांनीं पचनक्रिया प्रत्यक्ष पाहिली व रागानें तींत बिघाड होतो, असें नमूद केलें. मनाचा निरोप पोटास पोंचतो, तसाच पोटाचाही मनास पोंचतो, हें आतां सिद्ध झालें आहे. पचनमार्गाच्या भिंतींत १० कोटींहून अधिक मज्जापेशींचें जाळें आहे. आणि मेंदूपासून जठरापर्यंत उतरणाऱ्या व्हेगस मज्जेंतील बहुसंख्य तंतू वरची आज्ञा खालीं आणीत नाहींत, खालचें वृत्त वर नेतात. छांदोग्य उपनिषदांतील श्वेतकेतूची कथा येथें आठवते. पित्याच्या सांगण्यावरून तो १५ दिवस केवळ पाण्यावर राहिला, तेव्हां त्यास वेद आठवेनात. जेवल्यावर ते पुन्हा स्फुरले.

ह्यावरून कोणी म्हणेल, ‘तो राग माझा नव्हे, माझ्या पित्ताचा होय.’ हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाहीं. वृत्त आणणारा जासूद म्हणजे राजा नव्हे. उलट, जासूद कोठून येतो हें कळल्यावर राजानें अधिक सावध असावें. उपाशी पोटीं मुलास शिक्षा करूं नये, कठोर पत्र लिहूं नये, एवढें तरी आपल्या हातीं खास आहे.

दुसऱ्याचा न्याय करतांना मात्र माप बदललें पाहिजे. सेंट मार्टिन बोमाँटच्या घरीं चाकरी करी. प्रयोगासाठीं कधीं त्यास उपाशी ठेवीत, कधीं दोऱ्यास बांधलेलें मांस त्या भोंकांतून आंत सोडीत. त्याच्या रागाचें कारण ओळखावयास जठरांत डोकावण्याची गरज नव्हती. ज्यास आपल्या जेवणाची वेळ ठरवितां येते, त्यानें पोटाची सबब सांगूं नये. ज्यास ती ठरवितां येत नाहीं, त्याची सबब आपण ऐकावी. अशा माणसास शांतीचा उपदेश करावयाचाच असेल, तर आधीं त्याचें पान वाढावें.