बाळ झोपल्यावर झोप लागते का?

मुलुंड (पूर्व)

चि. सानिका,


घाटकोपरच्या वस्तीत पाहणीला जायच्या आधी तू प्रश्नावली मला वाचायला पाठवलीस, याचं बरं वाटलं. महापालिकेच्या प्रसूतिगृहात जन्म गेला माझा. बाळंतिणीचा चेहरा मला थोडाफार वाचता येतो. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखण्यासाठीची ही एडिनबरोची प्रश्नावली जॉन कॉक्स आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली केलेली. प्रश्न १०, तेही गेल्या ७ दिवसांपुरते, प्रत्येकाला ० ते ३ गुण. गोव्यात विक्रम पटेल यांच्या गटाने ती कोंकणीतून वापरली होती. २००२ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात जिल्हा रुग्णालयातल्या साधारण २३ टक्के आया बाळंतपणानंतर दोनेक महिन्यांत नैराश्यात होत्या. गरिबी, नवऱ्याशी बिघडलेलं नातं, मुलगी झाल्याची नाराजी या गोष्टी त्यामागे दिसल्या. तेव्हा प्रश्नावली चांगलीच आहे. पण तुझा विषय संकटाच्या काळातल्या बाळंतिणीच्या चिंतेचा आहे, आणि तिथे ती एका जागी अडखळते.

तिसरा, चौथा आणि पाचवा प्रश्न चिंतेचे धरले जातात. त्यातले चौथा-पाचवा विचारतात की काही खास कारण नसताना तुला काळजी वाटली का, धास्ती वाटली का. आता एप्रिल २०२० आठव. लोकल बंद, सार्वजनिक शौचालयाबाहेर रांग, शेजारच्या खोलीतल्या माणसाला रुग्णवाहिकेतून नेलेलं, आणि मांडीवर पंधरा दिवसांचं बाळ. त्या बाईला कारण नसताना भीती वाटते का असं विचारलंस तर ती ‘नाही’ म्हणेल, आणि खरंच बोलेल. तिच्याजवळ कारणांचा ढीग होता! कागदावर शून्य पडेल, आणि ती मात्र रात्रभर बाळाच्या नाकाशी बोट धरून श्वास बघत बसलेली असेल. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा पाण्यात अडकलेल्या घरांतल्या बाळंतिणींनाही हेच लागू होतं.

म्हणून संकटात भीती आहे का, हे विचारून फारसं हाती लागत नाही. त्या भीतीने तिच्याकडून काय काढून घेतलं, ते विचार. झोपेचंच घे. तान्ह्या बाळाची आई जागीच असते, त्यात आजार शोधू नये. पण बाळ शांत झोपलंय, सासूने घेतलंय, तरी हिचा डोळा लागत नाही, हे वेगळं. ‘बाळ झोपल्यावर तुला झोप लागते का?’ हा एक प्रश्न मला अनेक कोष्टकांपेक्षा कामाचा वाटत आला आहे. तसंच अंगावर पाजताना मन कुठे असतं, बाळाला दुसऱ्याच्या हाती द्यायला जीव धजावतो का, हेही विचार.

या दिशेने इंग्लंडात काम झालंय. लिव्हरपूलच्या व्हिक्टोरिया फॅलन आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली फक्त बाळंतपणानंतरच्या चिंतेसाठी ५१ प्रश्नांची मोजपट्टी केली. आई म्हणून मला जमतंय का, बाळ सुखरूप राहील ना, दूध-झोप-अंघोळीचं कसं होईल, माझं बदललेलं आयुष्य, अशा चार अंगांनी ती विचारते. कोविडच्या टाळेबंदीत तिचीच १२ प्रश्नांची संक्षिप्त आवृत्ती संकटकाळासाठी तयार केली गेली. ती नक्की बघ. मात्र तिकडच्या आईला माहेरी जायचं नसतं. आपल्याकडे त्या वर्षी कितीजणींचं माहेर हुकलं! बसची सोय नाही, जिल्ह्याची हद्द बंद. मालीशवाल्या बाईला सोसायटीच्या फाटकावरून परत पाठवलं. शेक नाही, बारसं नाही, आई व्हिडिओ कॉलवर रडतेय. हे प्रश्न तुलाच घालावे लागतील. कोविड झालेल्या आयांचा तर वेगळा अध्याय आहे. नायर रुग्णालयात मे २०२१ पर्यंत अशा हजाराहून अधिक जणींची बाळंतपणं झाली. मास्क लावून बाळाला पाजायचं, आणि आपल्याच श्वासाची धास्ती घ्यायची.

आणखी एक, मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. उत्तर देताना शेजारी कोण बसलंय? दहा बाय दहाच्या खोलीत टाळेबंदीत सगळेच घरात होते. फोनवर पाहणी करायची तर फोन नवऱ्याचा, स्पीकर चालू. ऑनलाइन अर्जाचं तर बोलूच नको. ज्यांच्याकडे स्वतःचा फोन आणि निवांत अर्धा तास आहे त्यांचीच चिंता त्यात मोजली जाते. तू प्रत्येक अर्जावर एक ओळ वाढव: मुलाखतीच्या वेळी हजर कोण होतं. लसीकरणाच्या दिवशी आरोग्य केंद्रावर बायका एकट्या सापडतात, तिथे बस. प्रश्न वाचून दाखव, पण कुजबुजत.

एडिनबरोच्या प्रश्नावलीतला दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. बाकीचे गुण कितीही कमी असोत, तिथे ‘कधीतरी’ असं उत्तर आलं तरी त्या दिवशी तिला एकटं सोडून उठायचं नाही. घरातलं एक विश्वासाचं माणूस, १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा नंबर, सायन रुग्णालयाची मानसोपचार ओपीडी, हे सगळं आधी ठरवून ठेव. १३ किंवा जास्त गुण आले म्हणजे आजार ठरला असं नाही, नीट तपासणी हवी एवढंच; पण ती कोण करणार आणि तिथपर्यंत बाळासकट तिला कोण नेणार, हे तुझ्या आराखड्यात कुठेच लिहिलेलं नाही. पहिल्या मुलाखतीच्या आधी तुझ्या मार्गदर्शकांना ते विचार, आणि काय म्हणाले ते मला कळव.

तुझी,
मावशी